वाचकांचे प्रश्न : नेपाळचा राजा कसा गेला?

गेल्या अंकात मी काठमांडूच्या खोऱ्यातल्या शाळांवर लिहिलं होतं. त्यात ओघात आलं होतं की, ज्या राजाची तसबीर मी वर्गात रोज पाहत होते, त्या राजाची गादी माझ्या देखत गेली. शाळा बाजूला राहिल्या आणि सगळी पत्रं राजावरच आली, म्हणून संपादकांनी या वेळचं सदर माझ्याकडे दिलं. मला विचारणारे बरेच जण नवे आहेत, त्यांच्यासाठी एवढंच सांगते : १९८७ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे मी नेपाळला गेले, काठमांडूला लागून असलेल्या पाटण शहरात भाड्याच्या घरात राहिले, तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि राजेशाही संपल्यावर मिरजेला परत आले.

राजाच्या राज्यात रोजचं जगणं कसं असतं? आमच्या पुस्तकात फक्त सनावळ्या आहेत.
– विद्यार्थिनी, पुणे

थोडी सनावळी मलाही सांगावी लागेल. १९५९ मध्ये नेपाळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. नेपाळी काँग्रेसनं १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या आणि बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. हे बी. पी. आपल्या बेचाळीसच्या लढ्यात इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले. १५ डिसेंबर १९६० ला राजे महेंद्र यांनी लष्कर पाठवून त्यांना एका मेळाव्यातून उचललं आणि आठ वर्षं सुंदरीजलच्या छावणीत ठेवलं. खटलाच नाही. पक्षांवर बंदी आली. गावापासून वरपर्यंत पक्ष नसलेल्या पंचायती उभ्या राहिल्या आणि त्या सगळ्यांच्या माथ्यावर राजा. 'आपल्या मातीला शोभणारी व्यवस्था' असं तिचं वर्णन करायचे. महेंद्रांनंतर त्यांचे पुत्र बीरेंद्र आले. मी गेले तेव्हा तेच राजे होते आणि पंचायतही तीच होती.

आता रोजचं जगणं. वर्गात फळ्याच्या वर राजाराणीची तसबीर. वाण्याकडे तीच, न्हाव्याकडे तीच, दवाखान्यातही तीच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी शेंगा भाजून विकायची. पुड्या बांधायला 'गोरखापत्र' या सरकारी दैनिकाची रद्दी घ्यायची, पण राजाचा फोटो असलेलं पान आधी काढून, घडी करून बाजूला ठेवायची. तिला तसं करायला कुणी सांगितलं होतं असं मला वाटत नाही. तिचं तिलाच ते कळत होतं.

राजाची सवारी निघायची त्या दिवशी रस्ते सकाळपासून अडवलेले असत. शाळांना मुलं पाठवायचा निरोप यायचा. आम्ही शिक्षिका मुलांना हातात कागदी झेंडे देऊन रस्त्याच्या कडेला उभं करायचो. पोलीस रस्त्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून उभे. एकदा सहावीतली एक मुलगी उन्हानं घेरी येऊन खाली बसली. तिला मागच्या दुकानाच्या सावलीत न्यायचं, तर त्यालाही शिपायाची परवानगी मागावी लागली, आणि त्यानं वरच्याला विचारल्याशिवाय ती दिली नाही. शेवटी तीन-चार काळ्या मोटारी सुसाट निघून गेल्या. मुलांना राजा दिसलाच नाही.

स्टाफरूममध्ये साखरेच्या भावावर, मुलींच्या लग्नांवर मोकळ्या गप्पा चालायच्या. राजकारण कुणी काढायचं नाही. एक गणिताचे शिक्षक अचानक यायचे बंद झाले. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'बिदा', म्हणजे रजा, असं रोज लिहिलं जायचं. ते कुठे आहेत हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही, मुख्याध्यापकांनासुद्धा नाही. त्यांचा भाऊ बंदी असलेल्या पक्षात होता, हे मला नंतर कळलं.

'राजाच्या वेळी किती शांतता होती' असं आज बरेच जण म्हणतात, इथे महाराष्ट्रातही. ती शांतता मी पाहिली आहे. ती अशी होती.

१९९० मध्येच तिथे लोकशाही आली ना? मग २००६ ला पुन्हा क्रांती कशासाठी?
– निवृत्त शिक्षक, लातूर

आली होती, आणि ती सुद्धा लोकांनी रक्त सांडून आणली. नेपाळी काँग्रेसचे नेते गणेशमान सिंह यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९९० मध्ये आंदोलन सुरू झालं. ठरलेल्या वेळी सगळं शहर आपणहून दिवे मालवायचं. आमच्या पाटणच्या लोकांनी तर शहरात येणारे रस्ते खणून ठेवले, पोलिसांना आत पाऊल टाकू दिलं नाही. ६ एप्रिलला काठमांडूत माणसांचा लोंढा राजवाड्याच्या दिशेनं, दरबारमार्गावर गेला आणि तिथे गोळीबार झाला. ८ एप्रिलला राजानं पक्षांवरची बंदी उठवली. नोव्हेंबरमध्ये नवं संविधान आलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या संविधानातच आहे. लष्कराचा सरसेनापती राजाच राहिला. शिवाय १२७ व्या कलमात, संविधान राबवताना अडचण आली तर ती दूर करण्यासाठी राजानं आदेश काढावा, अशी सोय होती. बीरेंद्रांनी स्वतःला आवरलं. त्यांच्या भावानं आवरलं नाही. आणि १९९० च्या गोळीबारांची चौकशी करणाऱ्या मल्लिक आयोगानं दोष कुणाचा ते लिहून दिलं, तरी एकालाही शिक्षा झाली नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या अनर्थाची सुरुवात या न झालेल्या शिक्षेत आहे.

नेपाळी लोक राजाला विष्णूचा अवतार मानत. मग एवढी श्रद्धा आटली कशी? राजवाड्यातल्या हत्याकांडात शिंदे घराण्याचं नाव का येतं?
– गृहिणी, सांगली

दुसऱ्याचं उत्तर आधी. युवराज दीपेंद्र ज्या मुलीशी लग्न करू पाहत होते, तिची आई ग्वाल्हेरच्या शिंद्यांची कन्या. घरच्यांना ते लग्न मान्य नव्हतं असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. त्यापलीकडे त्या मुलीला या प्रकरणात ओढू नये असं मला मनापासून वाटतं. तिचा दोष काहीच नव्हता.

१ जून २००१, शुक्रवारची रात्र. नारायणहिटी राजवाड्यात घरच्यांचं जेवण होतं. राजे बीरेंद्र, राणी ऐश्वर्या, धाकटा मुलगा, मुलगी आणि आणखी पाच नातलग गोळ्यांनी मेले. दीपेंद्र बेशुद्ध होते. त्या अवस्थेतच त्यांना राजा घोषित केलं गेलं आणि ४ जूनला तेही गेले. दोन सदस्यांच्या समितीनं गोळ्या दीपेंद्रांनीच झाडल्या असा निष्कर्ष काढला.

लोकांचं मन कधी उडालं, ते मी पाहिलं. शनिवारी सकाळी रेडिओवर नुसते शोकाचे सूर लागले होते, बातमी नाही. आपला राजा मेला हे नेपाळच्या लोकांना परदेशी वाहिन्यांवरून कळलं. मग बीरेंद्रांचे भाऊ ज्ञानेंद्र यांचं निवेदन आलं की स्वयंचलित बंदुकीतून अचानक गोळ्या सुटल्या. माझी घरमालकीण, जिला आम्ही सगळे आमा म्हणायचो, देवघरात राजाचा फोटो ठेवणारी बाई. ते ऐकून ती म्हणाली, "आम्हाला एवढं मूर्ख समजतात का?" त्या दिवशी पाटणच्या गल्ल्यांत पुरुष रांगा लावून डोकी भादरून घेत होते, घरातला कर्ता गेल्यासारखे. ज्ञानेंद्रांचा राज्याभिषेक झाला, बग्गी रस्त्यावरून गेली, तेव्हा त्याच लोकांनी तोंड उघडलं नाही. त्याच दिवशी संचारबंदी लागली.

अकराव्या दिवशी 'कट्टो' झाला. गेलेल्या राजाचा वेश चढवून, त्याच्या वस्तू देऊन एका ब्राह्मणाला हत्तीवर बसवतात आणि बागमतीपलीकडे घालवून देतात. आमा मला बरोबर घेऊन गेली होती. जिथे हत्या झाली ती इमारत, त्रिभुवन सदन, पुढे पाडून टाकली. पुरावा असलेलं घर कुणी पाडतं का, हा प्रश्न मला तिथे भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत प्रत्येकानं विचारला आहे. ज्ञानेंद्रांचा हत्येत हात होता असा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही, आणि मी तसं म्हणणार नाही. पण शंका घ्यायला लोकांना जागा कुणी दिली? ज्यांनी खरं सांगायचं टाळलं त्यांनीच.

१ फेब्रुवारी २००५ च्या राजाच्या उठावाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. अजून सांगा. मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे.
– नागपूर

आधी ४ ऑक्टोबर २००२ लक्षात ठेवा. त्या रात्री ज्ञानेंद्रांनी शेरबहादुर देउबा यांचं सरकार 'अक्षम' म्हणून काढलं आणि मग आपल्या पसंतीचे पंतप्रधान नेमले, काढले, पुन्हा नेमले. त्या काळात माओवाद्यांशी युद्धही चालू होतं. १९९६ पासून हजारो माणसं दोन्ही बाजूंनी मारली जात होती. राजाचं म्हणणं असं की, हे पुढारी नालायक आहेत, शांतता मीच आणीन. खरं सांगायचं तर तेव्हा हे पटणारेही बरेच होते. पुढाऱ्यांचा भ्रष्टाचार सगळ्यांनी पाहिला होता.

१ फेब्रुवारीला सकाळी दहाला टीव्हीवर राजा आला. सरकार बरखास्त, सत्ता आपल्या हाती, आणीबाणी. मी शाळेत होते. त्यांचं भाषण संपायच्या आत शाळेचा फोन मुका झाला. लँडलाइन, मोबाइल, इंटरनेट, सगळं एका झटक्यात. माझी आई मिरजेला आजारी होती. मी सायकलवर बसून तीन ओळखीच्या दुकानांत जाऊन रिसीव्हर उचलून पाहिला. प्रत्येक दुकानदार मान हलवून सांगत होता, तरी पाहिला. जवळपास आठवडाभर लँडलाइन बंद होत्या, मोबाइल तर त्यानंतरही कितीतरी दिवस सुरू झाले नाहीत. पुढारी घरांत अडकवले गेले किंवा तुरुंगात.

तुमच्या कामाचा भाग असा. लष्करातले अधिकारी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन बसले. उद्याच्या पानावर काय जाणार ते त्यांना दाखवायचं. काही संपादकांनी कापलेल्या मजकुराची जागा कोरी ठेवून अंक काढले. एका इंग्रजी दैनिकानं चक्क पायमोज्यांवर अग्रलेख लिहिला, आणि सगळं शहर समजलं. एफएम केंद्रांवर बातम्या द्यायला बंदी आली, फक्त गाणी लावायची. तर काही केंद्रांनी बातम्या गाऊन दाखवल्या! काही गावांत रेडिओचे पत्रकार चौकात उभे राहून ध्वनिक्षेपकावर बातम्या वाचू लागले. नोव्हेंबरमध्ये रेडिओ सगरमाथावर धाड घालून यंत्रं उचलून नेली, तेव्हा ऐकणारे श्रोतेच केंद्राच्या बाजूनं उभे राहिले. नेपाळभर पसरलेली ही छोटी छोटी सामुदायिक केंद्रं डोंगरातल्या माणसाला त्याच्या भाषेत बाजारभाव आणि हवामान सांगत होती; ती बंद झाल्यावर राजेशाही म्हणजे काय हे त्याला कोणत्याही पुढाऱ्यापेक्षा लवकर कळलं.

शाळेचं सांगते. दहावीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "मिस, संचार बंद करणं संविधानात कुठल्या पानावर आहे?" मी भूगोलाची शिक्षिका, पण त्याला कलम १२७ वाचून दाखवलं. मागच्या बाकावर एका लष्करी अधिकाऱ्याची मुलगी बसली होती, हे मला ठाऊक होतं. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मिस, मला ते पान लिहून घ्यायचं आहे."

एप्रिल २००६ मधले ते एकोणीस दिवस कसे होते? एवढ्या थोड्या दिवसांत लष्कर असलेला राजा कसा झुकला?
– नाशिक, कोल्हापूर आणि ठाण्याहून आलेली पत्रं एकत्र करून

याच प्रश्नासाठी मी हे सदर स्वीकारलं.

नोव्हेंबर २००५ मध्ये सात पक्षांची आघाडी आणि माओवादी यांच्यात दिल्लीत बारा कलमी समझोता झाला : राजाची निरंकुश सत्ता संपवायची आणि संविधानसभेची निवडणूक घ्यायची. फेब्रुवारीत राजानं नगरपालिकांच्या निवडणुका घेऊन पाहिल्या. निम्म्याहून अधिक जागांवर उमेदवारच मिळाला नाही आणि मतदानाला साधारण पाचातला एक मतदार गेला. आघाडीनं ६ एप्रिलपासून चार दिवसांचा देशव्यापी बंद पुकारला. तो उठलाच नाही.

काठमांडूभोवती चक्रपथ आहे, सत्तावीस किलोमीटरचा वळसा घालणारा रस्ता. सरकारनं त्याच्या आत आणि बाहेरच्या दोनशे मीटरपर्यंत संचारबंदी लावली, कधी कधी सलग अठरा तासांची. दिसताक्षणी गोळी, असा हुकूम. मग लोक त्या दोनशे मीटरच्या हद्दीबाहेर जमू लागले. कलंकी, गोंगबू, चाबहिल, कीर्तिपूर, सगळ्या बाजूंनी. एकेका ठिकाणी पन्नास हजार, लाख माणूस. पलीकडच्या गावांतून शेतकरी नांगराचे बैल घरी बांधून येत होते. २० एप्रिलला कलंकीला गोळीबारात तीन जण मेले. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात गर्दी आणखी मोठी.

आमच्या घरात गॅस संपला होता. महामार्ग बंद, टोमॅटो मिळेना, मीठ मिळेना. संचारबंदी दोन तास शिथिल झाली की सगळं पाटण पिशव्या घेऊन धावायचं. अशा वेळी माणसं आंदोलकांना शिव्या घालतात हे मी आपल्याकडे पाहिलं आहे. तिथे आमा रोज मोठ्या पातेल्यात चिवडा-चणे भिजवून, पाण्याचे जार भरून, कौसीवर म्हणजे गच्चीवर ठेवायची. मागच्या गल्लीनं मुलं यायची आणि घेऊन जायची. वय पाहता तिला रस्त्यावर जाता येत नव्हतं. देवघरातला राजाचा फोटो तिनं कधी काढला ते मला कळलं नाही. एका सकाळी फक्त खिळा होता.

आणि आता खरं उत्तर. राजा गर्दीला घाबरला, हे अर्धंच. १८ एप्रिलच्या सुमारास सिंहदरबारात, म्हणजे तिथल्या सचिवालयात, गृह मंत्रालयातल्या कर्मचाऱ्यांनी निदर्शनं केली. विचार करा, ज्या मंत्रालयातून संचारबंदीचे कागद निघत होते, तिथले कारकून! त्यांना अटक झाली. मध्यवर्ती बँकेतले लोक उतरले. वकील आधीच उतरले होते, डॉक्टर दवाखान्याच्या आवारात काळ्या फिती लावून उभे. आमच्या शाळेतल्या शिक्षकांची सभा झाली. तेच लोक, ज्यांनी एके काळी 'बिदा' लिहून गप्प बसणं पत्करलं होतं. एकेकानं उठून सही केली. नुसत्या बंदुकीवर राज्य चालत नाही हो. कागद पुढे सरकवणारा, टेलिफोन जोडणारा, पगार काढणारा माणूस लागतो. तो 'नाही' म्हणाला की राजाकडे राजवाडा तेवढा उरतो. लष्कर शेवटपर्यंत त्याचंच होतं, हे विसरू नका. तरी तो गेला.

२१ तारखेला राजानं पहिलं भाषण केलं : कार्यकारी सत्ता लोकांना परत देतो, आघाडीनं पंतप्रधानाचं नाव सुचवावं. काही परदेशी दूतावासांनी लगेच त्याचं स्वागत केलं. रस्त्यावरच्या लोकांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी संचारबंदी मोडून थेट शहरात घुसले. त्यांना पंतप्रधान नको होता, संविधानसभा हवी होती. आघाडीनं २५ तारखेला चक्रपथभर प्रचंड मोर्चा ठरवला. २४ ला रात्री साडेअकराला राजा पुन्हा टीव्हीवर आला आणि विसर्जित संसद पुनःस्थापित केली. पाटणमध्ये लोक त्या अंधारात थाळ्या बडवत बाहेर पडले. मी पण नवऱ्याच्या मोठ्या चपला घालून धावले होते. आंदोलनात वीसच्या आसपास माणसं गेली, हजारो जखमी झाली. सकाळी मोर्चा निघाला तो विजयाचा, पण कलंकीला सगळे थांबून उभे राहिले.

हे सगळं माओवादी आणि परदेशी शक्तींनी हिंदू राष्ट्र संपवण्यासाठी घडवलं असं वाचलं. खरं काय?
– निवृत्त अधिकारी, ठाणे

माओवाद्यांचा वाटा होता, तो मी वर लिहिला आहे. त्यांनी केलेल्या हत्या आणि शाळांमधून पळवून नेलेली मुलं, हेही मी विसरलेले नाही. आमच्या शाळेत माओवाद्यांचा जोर असलेल्या रोल्पा आणि रुकुम जिल्ह्यांतून जीव वाचवून आलेली मुलं शिकत होती. पण चक्रपथावरची माणसं त्यांनी आणलेली नव्हती. भारताचं म्हणाल, तर २० एप्रिलला पंतप्रधानांचे दूत म्हणून करण सिंह काठमांडूत राजाला भेटले होते, आणि राजाच्या पहिल्या भाषणाचं दिल्लीनंही स्वागत केलं. म्हणजे आपलं सरकार राजाला जागा करून देत होतं, लोकांनी ते नाकारलं. धर्मनिरपेक्षतेची घोषणा संसदेनं १८ मेला केली, क्रांती होऊन गेल्यावर. गर्दीत कपाळावर टिका नसलेला माणूस मला शोधावा लागला असता. देवावर श्रद्धा ठेवून राजाला हाकलता येतं.

राजाला शिक्षा झाली का? त्याच्या नोटांचं काय केलं?
– इयत्ता नववी, सातारा

शिक्षा झाली नाही. २८ मे २००८ ला संविधानसभेनं ५६० विरुद्ध ४ मतांनी नेपाळ प्रजासत्ताक केला. दोनशे चाळीस वर्षांचं शाह घराण्याचं राज्य संपलं. ११ जूनला ज्ञानेंद्रांनी राजवाड्यातच पत्रकार परिषद घेतली, मुकुट आणि राजदंड सरकारच्या हवाली केले आणि शहराबाहेरच्या नागार्जुनच्या घरी राहायला गेले. देश सोडून पळाले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. राजवाड्याचं संग्रहालय झालं. तू गेलास तर पाडलेल्या त्रिभुवन सदनाचा पाया बघ, तिथे पाट्या लावल्या आहेत.

नोटांचा प्रश्न फार छान विचारलास. राजाच्या चित्राच्या जागी सगरमाथा, म्हणजे आपण म्हणतो ते एव्हरेस्ट, आलं. पण नोटांचा कागद आधीच येऊन पडला होता आणि त्यात राजाच्या चेहऱ्याचं जलचिन्ह होतं. गरीब देश, कागद फेकणार कसा? मग त्या जागेवर लाली गुराँस या त्यांच्या राष्ट्रीय फुलाचं चित्र छापून चेहरा झाकला. माझ्याकडे तशी एक नोट आहे. उजेडासमोर धरली की फुलामागे राजा दिसतो.

मग आता तेच लोक 'राजा आऊ, देश बचाऊ' का ओरडतात? चूक झाली असं नाही वाटत?
– अनेक पत्रं

नाही, मला तसं वाटत नाही. चिडायचं कारण त्यांच्याकडे आहे. २००८ नंतर एकही सरकार पूर्ण काळ टिकलं नाही, तेच ते पुढारी आळीपाळीनं पंतप्रधान झाले, आणि तरुण मुलं रोज विमानतळावर रांग लावून आखातात जातात. मार्च २०२५ मध्ये ज्ञानेंद्रांच्या स्वागताला विमानतळावर हजारो लोक जमले. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काय झालं ते पाहा. समाजमाध्यमांवरची बंदी आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध विशीतली मुलं उतरली. पहिल्याच दिवशी १९ जण मेले, दुसऱ्या दिवशी संसद आणि सिंहदरबार पेटले, पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. सत्तेची जागा रिकामी पडलेली असताना पुढे कोण आलं? राजा नव्हे. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की. जाळपोळीनं मला फार दुःख झालं. मुलांच्या मागणीनं नाही झालं.

वाईट पंतप्रधानाला घरी बसवता येतं, हे त्या मुलांनी आपल्या आईबापांकडून शिकलंय. राजाला बसवायला तिथे दोन पिढ्या लागल्या.

आमच्या हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं आहे, बर्दिया जिल्ह्यातलं. तो म्हणतो राजा होता तेव्हा बरं होतं. ती हा विषय निघाला की उठून जाते. तिचा भाऊ २००२ मध्ये वर्दीतल्या लोकांनी नेला, तो आलाच नाही, असं तिनं माझ्या बायकोला सांगितलं. तिच्यासाठी काही करता येईल का?
– बागायतदार, रत्नागिरी

तुमचं पत्र मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं. युद्धाच्या काळात बर्दियातून माणसं नाहीशी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं २००८ मध्ये त्या जिल्ह्यावर वेगळा अहवाल काढला. त्यात दीडशेहून अधिक प्रकरणं तपासली आहेत, बहुतेक सरकारी दलांनी नेलेल्यांची, थोडी माओवाद्यांनी नेलेल्यांची. नेलेल्यांत बरेचसे थारू, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजाचे, शेतकरी होते. ते लष्कर राजाचं होतं, आणि तेव्हाच्या निवडून आलेल्या सरकारनंही डोळे मिटले होते.

नवरा खोटं बोलतो असं समजू नका. त्याचं तरुणपण त्या काळात गेलं, आणि आज त्याला पोटासाठी कोकणात यावं लागतं. पण तिच्यापुढे त्याला तो विषय काढू देऊ नका, एवढं तुम्ही धनी म्हणून सांगू शकता.

बेपत्ता माणसांची चौकशी करण्यासाठी २०१५ मध्ये काठमांडूत आयोग नेमला गेला. काम अतिशय संथ आहे, पण तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. तिच्या माहेरच्यांनी तक्रार दिली आहे का, हे तुमच्या बायकोनं एकांतात विचारावं. दिली असेल तर नोंदीच्या कागदाची एक प्रत तिच्याजवळही असू द्या. भावाचा नागरिकतेचा दाखला, फोटो, नेला तो दिवस आणि गाव, हे सगळं एका वहीत लिहून ठेवायला तिला मदत करा. तिला लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, लिपी तीच आहे. आणि जबाबासाठी किंवा कागदासाठी गावी जायची वेळ आली, तर तो नेमका एप्रिल-मे असला, आंबा काढणीला आलेला असला, तरी तिला रजा द्या आणि जाण्यायेण्याचं भाडं पगारातून कापू नका.